नियम मोडूनही रेवती रेवतीच कशी राहील?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. शनीभोवती फिरणाऱ्या एका संशोधन-स्थानकावर घडणाऱ्या मालिकेचा ४५ मिनिटांचा भाग तुम्ही लिहिला आहे. रेवती ही तिथली जीवरक्षक यंत्रणेची अभियंता. कामाची यादी मोठ्यानं वाचल्याशिवाय ती कशालाही हात लावत नाही. टायटन या शनीच्या चंद्रावरून आणलेल्या नमुन्यातून बुरशीसारखं काहीतरी पसरतं, प्रयोगशाळेचा कक्ष सील होतो आणि आत रसायनशास्त्रज्ञ निखिल अडकतो. शेवटी रेवती विलगीकरणाचा हुकूम मोडून दार उघडते. ज्यांनी ज्यांनी संहिता वाचली त्यांचं म्हणणं एकच: "ही बाई असं करणार नाही." म्हणून दुसऱ्या खर्ड्यात तुम्ही बुरशीचा तिच्या मेंदूवर परिणाम झाल्याचं दाखवलंत, तरी तक्रार तशीच राहिली. पात्र सुसंगत असणं म्हणजे नेमकं काय, आणि विज्ञानकथेत ते सांभाळणं वेगळं पडतं का, असं तुम्ही विचारता. शिवाय पुढच्या भागात कमांडर दळवी हा मूळ माणूस नसून त्याची प्रतिकृती असल्याचं उघड करायचं तुमच्या मनात आहे, त्याबद्दलही तुम्हाला धास्ती वाटते.

मी मालिकांच्या पटकथा लिहिते, आणि त्याहून जास्त वेळ इतरांच्या पटकथा तपासते. तुमची संहिता पूर्ण वाचली. रेवतीनं दार उघडणं ही अडचण नाहीच. ते उघडताना ती दुसरीच कुणीतरी होते, ही अडचण आहे. सत्ताविसाव्या प्रसंगात ती धावत येते, पॅनलवर मूठ आपटते, "खड्ड्यात गेले नियम" म्हणते आणि लाल बटण दाबते. हा प्रसंग कुठल्याही मालिकेतल्या कुठल्याही नायिकेचा असू शकतो. पहिल्या पंचवीस मिनिटांत तुम्ही इतक्या निगुतीनं जी बाई उभी केलीत, तिचा इथे मागमूस नाही.

सुसंगत पात्र म्हणजे दर वेळी सारखंच वागणारं पात्र, ही समजूत आधी सोडून द्या. पात्र ओळखीचं वाटतं ते त्याच्या जपण्यामुळे. ते काय जपतं, त्यापायी काय गमवायला तयार होतं, आणि गमावतानाही अंगात मुरलेल्या सवयी त्याची पाठ कशी सोडत नाहीत, एवढं लेखकाला पक्कं ठाऊक असेल तर पात्र कितीही अनपेक्षित वागलं तरी प्रेक्षक म्हणतो, "हीच असं करेल." तुमच्या संहितेत रेवती नियम पाळते हे पानोपानी दिसतं. ती ते का पाळते, हे मात्र एकदाही दिसत नाही.

आणि त्या 'का'वरच शेवट अवलंबून आहे. ती वरिष्ठांच्या भीतीनं नियम पाळत असेल, तर दार उघडण्याआधी ती कुणाची तरी संमती शोधेल, निदान कुणीतरी डोळेझाक करावी म्हणून धडपडेल. आपण कधीच चुकत नाही या अभिमानापोटी पाळत असेल, तर ती नियमातच पळवाट शोधेल आणि आपण नियम मोडलाच नाही हे शेवटपर्यंत सिद्ध करत राहील. कधीकाळी एक तपासणी राहून गेली म्हणून तिनं माणूस गमावला असेल, तर नियम हे तिच्यासाठी माणसं जगवण्याचं साधन आहे, आणि ज्या क्षणी तेच साधन माणूस मारू लागतं त्या क्षणी तिची खरी परीक्षा सुरू होते. या तीन वेगवेगळ्या बायका आहेत. पहिल्या पंचवीस मिनिटांत तिघीही अगदी सारख्याच दिसतील. दारापाशी आल्यावर मात्र तिघींचे रस्ते वेगळे होतात.

'द एक्स-फाइल्स'मधला 'बियाँड द सी' हा जानेवारी १९९४ मध्ये दाखवलेला भाग या दृष्टीनं पाहण्यासारखा आहे. गूढ प्रकरणांचा तपास करणाऱ्या दोन एफबीआय अधिकाऱ्यांच्या या अमेरिकी मालिकेचा सारा डोलारा एका विभागणीवर उभा: मल्डर विश्वास ठेवणारा, स्कली शंका घेणारी. या भागात ती विभागणी उलटी होते. मृत्युदंडाच्या वाटेवरचा एक कैदी आपल्याला परलोकातून संदेश येतात असा दावा करतो. स्कली डळमळते आणि मल्डर साफ नाकारतो. मालिका सुरू होऊन काही महिनेच झाले असताना हा उलटफेर अंगाशी येऊ शकला असता. तो अंगाशी येत नाही, कारण स्कलीचे वडील नुकतेच गेले आहेत आणि त्यांचं आपल्याबद्दल काय मत होतं हे तिला ऐकायचं आहे, तर मल्डरनं या कैद्याचा पूर्वी बारकाईनं अभ्यास केलेला असल्यामुळे तो किती लबाड आहे हे त्याला ठाऊक आहे. दोघंही नेहमीच्या उलट वागतात आणि दोघंही आपापल्या इतिहासाला धरून वागतात.

रेवतीसाठी मी तिसरी शक्यता निवडेन. तुमच्या संहितेत तिचं बीज आधीच आहे. चौथ्या प्रसंगात निखिल घाई करतो तेव्हा ती त्याला "मागच्या वेळी" असं म्हणून थांबते आणि वाक्य पूर्ण करत नाही. तुम्ही ते नुसतं गूढ म्हणून ठेवलंय, पण तिचं सगळं बळ त्या अर्ध्या वाक्यात आहे. त्यावर उभं राहून सत्ताविसावा प्रसंग साधारण असा होईल:

रेवती : (पॅनलसमोर उभी. यादी उघडते.) आतल्या दाराचं सील. पाहिलं. दोन्हीकडचा दाब. पाहिला. विलगीकरणाचा हुकूम. (थांबते.) लागू आहे.

दळवी : (स्पीकरवर) रेवती, मागे हो.

रेवती : पुढचा रकाना 'जबाबदार व्यक्ती'. माझं नाव लिहितेय, सर. मधलं दार माझ्यामागे बंद होईल. मी सांगितलं तरी ते उघडू नका.

दळवी : मी तुला हुकूम देतोय.

रेवती : हो सर. तोही नोंदवलाय.

इथे तिनं आरडाओरडा केलेला नाही. ती हुकूम मोडते आहे, पण यादी वाचून, नोंद करून, स्वतःचं नाव लिहून, आणि मधलं दार स्वतःमागे बंद करून. निखिलला वाचवायला ती आत जाते आणि स्थानकाला वाचवायला स्वतःला आत कोंडून घेते. नियमाचा हेतू शाबूत राहतो, फक्त त्याची किंमत आता ती एकटी भरते. "मी सांगितलं तरी ते उघडू नका" हे वाक्य मला सगळ्यात मोलाचं वाटतं. आपण घाबरू, गयावया करू, हे तिला माहीत आहे आणि त्याचीही तिनं आधीच तरतूद केली आहे. अशी तरतूद करणारी बाई म्हणजेच तुमची रेवती.

आता बुरशीकडे वळू. मेंदूवर ताबा, शरीरात चिप, समांतर विश्वातली दुसरी आवृत्ती, काळात मागे जाणं: ही सगळी साधनं विज्ञानकथेत हाताशी असतात, म्हणून इथे सुसंगती सांभाळणं वेगळं पडतं. घरगुती नाट्यात पात्र वेडंवाकडं वागलं तर लेखकाला त्याचं कारण त्या माणसातच शोधावं लागतं. विज्ञानकथेत ते बाहेरून आणून चिकटवता येतं. पण बाहेरून आलेल्या कारणाबरोबर पात्राची जबाबदारीही निघून जाते. बुरशीनं रेवतीकडून दार उघडून घेतलं असेल तर तो निर्णय बुरशीचा झाला. मग आपण पंचवीस मिनिटं रेवतीला का पाहत होतो?

अशी साधनं वापरूच नयेत असं माझं म्हणणं नाही. त्यांनी नेमकं काय बदलावं याला मर्यादा असावी. बाहेरची शक्ती पात्राचा संयम काढून घेऊ शकते, त्याला खोटी माहिती पुरवू शकते, त्याची ताकद वाढवू वा कमी करू शकते. पात्रात मुळात नसलेली इच्छा मात्र तिनं निर्माण करू नये. मूळ 'स्टार ट्रेक'मध्ये मार्च १९६७ मध्ये दाखवलेल्या 'धिस साइड ऑफ पॅराडाइज' या भागात तुमच्यासारखीच कल्पना आहे. एका ग्रहावरच्या वनस्पतींचे बीजाणू अंगावर उडतात आणि भावना आवरून जगणारा, यानावरचा अधिकारी स्पॉक प्रेमात पडतो, झाडाला उलटा लोंबकळतो, कॅप्टनचा हुकूम धुडकावतो. डी. सी. फोंटाना यांची ही पटकथा टिकली ती स्पॉक मूर्ख दिसला म्हणून नव्हे. ती स्त्री त्याच्या पूर्वओळखीची आहे, तिचं त्याच्यावर प्रेम होतं, आणि तो प्रतिसाद देऊ शकला नव्हता. बीजाणूंनी फक्त कडी काढली. दाराआड जे होतं ते त्याचंच होतं. म्हणूनच परिणाम ओसरल्यावर, आपण आयुष्यात पहिल्यांदा सुखी होतो, अशी कबुली तो देतो तेव्हा ती खरी वाटते.

स्पॉकचंच आणखी एक उदाहरण घेते, कारण सुसंगती म्हणजे काय हे त्याच्या हसण्यात फार स्वच्छ दिसतं. त्या मालिकेचा पहिला पथदर्शी भाग १९६४ च्या अखेरीस चित्रित झाला. त्यात गुणगुणणाऱ्या निळ्या पानांना हात लावून स्पॉक चक्क हसतो. तेव्हा थंड, तर्कशुद्ध स्वभाव 'नंबर वन' या स्त्री अधिकाऱ्याला दिलेला होता. वाहिनीनं तो भाग नाकारला, ते पात्र गेलं आणि तिचा स्वभाव स्पॉककडे आला. पुढे नोव्हेंबर १९६६ मध्ये त्या जुन्या भागातली दृश्यं मालिकेत वापरली गेली, तेव्हा ते हसू प्रेक्षकांना खटकण्याजोगंच होतं. त्याला मागचा-पुढचा आधार नाही. पण सप्टेंबर १९६७ च्या 'अमोक टाइम'मध्ये, आपल्या हातून मेला असं वाटत असलेला कॅप्टन कर्क जिवंत समोर दिसताच स्पॉकच्या चेहऱ्यावर तसंच रुंद हसू फुटतं, तो त्याला दोन्ही हातांनी धरतो, आणि पुढच्याच क्षणी सावरून नेहमीच्या स्वरात बोलू लागतो. हसू तेच, पण या वेळी ते त्याच्या स्वभावाचा पुरावा ठरतं. ते सावरणं नसतं तर हे दुसरं हसूही पात्राबाहेर गेलं असतं. पात्राला मर्यादा ओलांडू द्यायची असेल तर ओलांडल्यानंतर ते काय करतं हे दाखवायला विसरू नका. पुष्कळदा स्वभाव तिथेच दिसतो.

तेव्हा बुरशी ठेवायची असेल तर तिला रेवतीच्या डोक्यात शिरू देऊ नका. निखिलच्या शिरू द्या. आतून येणारा त्याचा आवाज खरा त्याचा आहे की नाही हे रेवतीला कळू नये. म्हणजे तिची माहिती संशयास्पद होते आणि निर्णय तिचाच राहतो.

आता जगाच्या नियमांबद्दल, कारण तुमच्या संहितेतल्या निम्म्या खटकणाऱ्या जागा तिथल्या आहेत आणि वाचणाऱ्यांनी त्यांना चुकून स्वभावाच्या खात्यात टाकलंय. विज्ञानकथेतलं पात्र त्या जगात राहत असतं. तिथलं विज्ञान त्याच्या सवयींत मुरलेलं असतं. विज्ञान डळमळलं की पात्र वेंधळं दिसतं.

नवव्या प्रसंगात दळवी पृथ्वीला विचारतो आणि त्याच प्रसंगात त्याला उत्तर मिळतं. पृथ्वीहून शनीपर्यंत प्रकाशाला साधारण ६५ ते ९० मिनिटं लागतात. दोघांची कक्षेतली जागा बदलते तसा हा वेळ बदलतो. म्हणजे प्रश्न विचारून उत्तर मिळेपर्यंत सव्वादोन ते तीन तास. ही केवळ तांत्रिक दुरुस्ती समजू नका. दळवी हा विचारल्याशिवाय पाऊल न टाकणारा माणूस म्हणून तुम्ही रंगवलाय. असा माणूस अशा ठिकाणी काही वर्षं राहिला तर त्याचं काय होईल? तो संदेश पाठवून पडद्याकडे पाहत बसणार नाही. तो एकाच संदेशात "होकार असेल तर या तीन गोष्टी सांगा, नकार असेल तर या दोन" असं लिहायला शिकलेला असेल. आणि निकडीच्या वेळी त्याला आधी निर्णय घ्यावा लागेल, मग त्या निर्णयाची परवानगी मागावी लागेल, आणि ती नाकारली गेल्याचं तीन तासांनी कळेल. ती भीती दळवीला आतून पोखरत असणार. तुमच्या संहितेत तो फक्त भित्रा वाटतो. उत्तराला लागणारा वेळ नीट वापरलात तर त्याचा भित्रेपणा समजण्याजोगा होईल, आणि रेवतीला तो "मागे हो" का म्हणतो तेही.

बावीसावा प्रसंग याहून नाजूक आहे. रेवती स्थानकाच्या बाहेरून झडप तपासायला अंतराळपोशाख चढवते आणि दोन मिनिटांत बाहेर पडते. नासाच्या आजच्या अंतराळपोशाखांमध्ये दाब समुद्रसपाटीवरच्या दाबाच्या तिसऱ्या हिश्शाहूनही थोडा कमी असतो, आणि आत शुद्ध ऑक्सिजन. म्हणून बाहेर पडण्याआधी बराच वेळ ऑक्सिजन घेऊन रक्तातला नायट्रोजन कमी करावा लागतो. नाहीतर खोल पाण्यातून झटकन वर येणाऱ्या पाणबुड्यासारखी गत होते, रक्तात आणि ऊतींमध्ये बुडबुडे तयार होतात, सांधे असह्य दुखतात, जिवावरही बेतू शकतं. प्रेक्षकाला हे माहीत नसेल. पण चौथ्या प्रसंगात निखिलनं हाच वेळ वाचवायचा प्रयत्न केला तेव्हा रेवतीनं त्याला बजावलं होतं, हे त्यानं पाहिलेलं आहे. तिनं अठरा प्रसंगांनंतर स्वतः तो वेळ गाळला आणि त्याबद्दल ब्रही काढला नाही, तर प्रेक्षक नेमकं काय चुकलं हे सांगू शकणार नाही, पण "ही बदलली" एवढं त्याला नक्की वाटेल. तुमच्या वाचणाऱ्यांची तक्रार सत्ताविसाव्या प्रसंगावर फुटली असली तरी ती इथे सुरू झाली असं मला वाटतं.

तिला थोडा वेळ तोडून बाहेर जाऊ द्यावं आणि पुढे कोपर दुखताना दाखवावं, असाही मार्ग आहे. मी तो घेणार नाही. नियम मोडण्याची पहिली वेळ दारापाशीच यायला हवी; आधीच एकदा मोडला तर दाराची किंमत उतरते. इथे तिला थांबवा. पूर्ण वेळ थांबवा. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, घड्याळावर नजर, आणि रेडिओवर हळूहळू विरत जाणारा निखिलचा आवाज. तो विनवतो आणि ती उत्तर देत नाही, कारण मास्क आहे. प्रेक्षक तिच्यावर चिडेल. चिडू द्या. नियम पाळण्याची किंमत त्यानं एकदा डोळ्यांनी पाहिली, की तो मोडण्याची किंमत त्याला समजावून सांगावी लागत नाही. तुमच्या भागातला सगळ्यात ताकदीचा प्रसंग हा होऊ शकतो, आणि सध्या तो एका झटपट कटमध्ये वाया गेलाय.

धोक्याच्या वेळी जाणकार माणसं कशी बोलतात, हेही तपासा. २० जुलै १९६९ रोजी अपोलो ११ चंद्रावर उतरत असताना संगणक वारंवार धोक्याच्या सूचना देत होता. १२०२ ही सूचना नेमकी कशाची, हे आर्मस्ट्राँगनं तुटक, कोरड्या शब्दांत विचारलं. त्याच्या नाडीचे ठोके उतरण्याच्या वेळी मिनिटाला दीडशेच्या आसपास गेले होते. शरीर एक सांगत होतं, आवाज दुसरंच. अपोलोच्या संभाषणांच्या लेखी नोंदी सर्वांना उपलब्ध आहेत. वाटेत ऑक्सिजनची टाकी फुटलेल्या अपोलो १३ ची नोंद तर जरूर वाचा. तिथे घबराट शब्दांत सापडत नाही, ती दोन वाक्यांमधल्या अंतरात सापडते. तुमची माणसं संकटात सापडताच उद्गारचिन्हांत बोलू लागतात. रेवती घाबरली की तिची वाक्यं आखूड होऊ द्या. निखिल उलट बोलघेवडा आहे, तो घाबरला की जास्तच बोलेल. दळवी एखादी सूचना दोनदा देईल. तिघांची भीती वेगळी ऐकू आली की नाव झाकूनही संवाद कुणाचा ते कळतं.

निखिलबद्दल एक तक्रार माझीही आहे. तिसऱ्या प्रसंगात तो रेवतीला सांगतो, "तुला माहीतच आहे, टायटनवर मिथेनची तळी आहेत, तापमान उणे १७९ अंश." तिला माहीतच आहे तर तो का सांगतो? प्रेक्षकासाठी सांगतो, हे उघड आहे. आपण अशा संवादाला माहितीचा बोजा म्हणून नावं ठेवतो, पण मला तो त्याहून गंभीर वाटतो, कारण त्या क्षणी निखिल शास्त्रज्ञ राहत नाही, निवेदक होतो. तीच माहिती त्याच्या आश्चर्यातून येऊ द्या. उणे १७९ अंशांत, मिथेन-इथेनच्या तळ्याकाठी सापडलेली गोष्ट उबदार, ऑक्सिजन असलेल्या खोलीत वाढतेच कशी? खऱ्या रसायनशास्त्रज्ञाला पहिला प्रश्न हाच पडेल. "हे इथे वितळायला हवं होतं, रेवती. वाढायला नको." एवढ्यानं माहितीही पोचते, धोकाही कळतो आणि त्याचा स्वभावही: कुतूहल आवरत नाही म्हणून तो कक्षात एक मिनिट जास्त थांबतो, आणि अडकतो. सध्या तो दार आपोआप बंद झालं म्हणून अडकतो. स्वभावामुळे अडकलेला माणूस योगायोगानं अडकलेल्या माणसापेक्षा केव्हाही बरा.

कामाच्या पद्धतीबद्दल थोडं. माझ्या टेबलावर प्रत्येक भागासाठी एक तक्ता असतो. आडवे प्रसंग, उभी पात्रं, आणि प्रत्येक चौकटीत तीन नोंदी: या क्षणी तिला काय ठाऊक आहे, काय चुकीचं ठाऊक आहे, आणि ती काय लपवते आहे. विज्ञानकथेत मधली नोंद सर्वांत उपयोगी पडते, कारण तिथे पात्रांना यंत्रांकडून, संदेशांकडून, स्मृतींकडून खोटी माहिती मिळत असते. तुमच्या एकोणिसाव्या प्रसंगात रेवती कक्षातल्या गळतीबद्दल बोलते, पण ती तिला विसाव्यात कळते. असं तक्त्यात लगेच सापडतं. चित्रीकरणाच्या वेळीही तो लागतो. एका सेटवरचे सगळे प्रसंग सलग चित्रित होतात, त्यामुळे अभिनेत्री सकाळी शेवट करते आणि दुपारी सुरुवात. पोशाखाची, केसांची कंटिन्युइटी सांभाळणारी माणसं सेटवर असतात. मनाची कंटिन्युइटी संहितेतच लिहून द्यावी लागते.

संबोधनांचीही एक नोंद ठेवा. रेवती दळवीला पाचव्या प्रसंगात "तुम्ही" म्हणते आणि अठराव्यात काही कारण नसताना "तू". मराठी प्रेक्षकाचा कान हे चटकन टिपतो. हा बदल इतका मोलाचा आहे की तो असा सांडून टाकू नये. संपूर्ण भागात ती एकदाही "सर" सोडत नाही, अगदी हुकूम मोडतानाही, असं ठेवलंत तर वर लिहिलेल्या प्रसंगात "हो सर" हे दोन शब्द फार जड होतात.

भागाच्या शेवटाबद्दल माझं मत कडक आहे. निखिल वाचतो, पुढच्याच प्रसंगात सगळे जेवणाच्या टेबलाशी हसतायत. ज्या बाईनं आयुष्यभराची शिस्त एका दारापाशी मोडली, ती तासाभरात हसत जेवते? 'स्टार ट्रेक : डीप स्पेस नाइन'मधला १९९६ चा 'हार्ड टाइम' पाहा. मुख्य अभियंता ओब्रायन याला शिक्षा म्हणून वीस वर्षांच्या तुरुंगवासाची स्मृती काही तासांत मेंदूत घातली जाते. तो घरी परततो आणि पलंग सोडून जमिनीवर झोपतो, ताटातलं थोडं अन्न बाजूला काढून ठेवतो, आणि तुरुंगात आपण एकटेच होतो असं खोटं सांगतो, कारण तिथल्या सोबत्याला त्यानं अन्नावरून मारलेलं असतं. सगळा भाग त्या सवयींवर उभा आहे. पुढच्या भागांमध्ये मात्र त्या वीस वर्षांचा भार जवळजवळ जाणवत नाही, आणि मला ती त्या मालिकेची मोठी उणीव वाटते. ओब्रायनसारखं साधं, संसारी पात्र तो भार वाहताना पाहायला मिळायला हवं होतं. तुम्हाला पूर्ण भाग परिणामांवर घालवायची गरज नाही. रेवतीला विलगीकरणात काचेपलीकडे बसवा आणि रोजची यादी तिच्या जागी कुणीतरी दुसरं वाचताना तिला ऐकू येऊ द्या. वाचणारा एक ओळ गाळतो. ती काचेवर टकटक करते. अर्ध्या पानाचा प्रसंग आहे, जेवणाच्या टेबलाची गरज उरत नाही.

राहिला दळवी. तो प्रतिकृती असल्याचं पुढच्या भागात उघड होणार असेल, तर आधी एकच ठरवा: ते त्याला स्वतःला ठाऊक आहे की नाही? ठाऊक असेल तर तो या भागातही अभिनय करतोय, आणि अभिनयाखालचा माणूस कुठे ना कुठे डोकावला पाहिजे. 'ऑर्फन ब्लॅक'मध्ये (२०१३ ते २०१७) तातियाना मास्लानी अनेक क्लोन साकारते, आणि एक क्लोन दुसरीचं सोंग घेते तेव्हाही आतली कोण आहे ते कळत राहतं. पहिल्याच भागात बेथ या दुसऱ्या क्लोनची जागा घेणारी सारा हुबेहूब बेथ कधीच होत नाही. ठाऊक नसेल, तर मात्र या भागात काहीही लपवाछपवी नको. दळवीनं मनापासून दळवीच असायला हवं.

या दुसऱ्या वाटेचा मला माहीत असलेला उत्तम नमुना नव्या 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका'तला सॉल टाय. माणसांसारखे दिसू शकणाऱ्या शत्रू सायलॉन यंत्रमानवांचा कट्टर द्वेष करणारा, त्यांच्या तुरुंगात डोळा गमावलेला, शत्रूला माहिती दिली म्हणून स्वतःच्या बायकोला विष देणारा हा दारुडा अधिकारी. मार्च २००७ मध्ये दाखवलेल्या भागात त्याला कळतं की तो स्वतःच सायलॉन आहे. त्याच वेळी हल्ल्याचा भोंगा वाजतो, आणि तो काय करतो? आपल्या कामावर हजर होतो. मी जो माणूस होतो तोच राहणार, असं तो ठरवतो. त्याच्याबद्दलचं सत्य बदललं, त्याचं जपणं बदललं नाही, आणि म्हणून तो धक्का फसवणूक वाटत नाही.

दळवीचंही तसंच करा. या भागात तो सत्ताविसाव्या प्रसंगानंतर दारापलीकडे एकटा उभा असतो तेव्हा त्याच्यापुढे पृथ्वीला पाठवायचा अहवाल येऊ द्या. रेवतीनं हुकूम मोडला असं त्यात लिहायचं, की हुकूम आपणच मागे घेतला असं? विचारल्याशिवाय पाऊल न टाकणारा हा माणूस इथे पहिल्यांदा न विचारता एक वाक्य खोडतो आणि जबाबदारी स्वतःवर घेतो. पुढच्या भागात तो मूळ दळवी नसल्याचं कळेल, तेव्हा त्याच्या विरोधात बोलणाऱ्यांना रेवती नेमकं हे खोडलेलं वाक्य दाखवू शकेल. त्यासाठी आत्ता एवढंच हवं की खोडताना कॅमेरा त्याच्या हातावर दोन सेकंद जास्त थांबावा, आणि त्यावर कुणीही काही बोलू नये.